वडिलांचा सातबारा

मंगळवारी एका विकास सोसायटीच्या कचेरीत सचिवांनी पाच पोरांचा अर्ज न वाचताच परत केला. ‘वडिलांचा सातबारा आणा,’ म्हणाले. पाचही जण बालगृहात वाढलेले. वडील कोण हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी सातबारा कुठून आणायचा? मी शेजारच्याच बाकावर होतो. तेव्हापासून चैन नाही.

सातबाऱ्यावर मी या जागी पुन्हापुन्हा लिहितो, कारण तो पुन्हापुन्हा आडवा येतो. ही पोरं ठोक्याने तीन एकर करतात. वांगी, भेंडी, गवार. तोडा झाला की दोन क्रेट आधी बालगृहात पोचतात, धाकटी भावंडं तिथे आहेत म्हणून. उरलेला माल बाजारात. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करून देत नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. जमीन घ्यावी म्हटलं, तर १९४८च्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. अनाथांना २०१८ साली राज्याने नोकरी-शिक्षणात १ टक्का आरक्षण दिलं, ते चांगलंच झालं. शेती करू म्हणणाऱ्या अनाथाचा विचार मात्र कुणी केला नाही.

मला रवांडा आठवतो. १९९४च्या वंशसंहारात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. लहान लहान मुलीही घराच्या कारभारणी झाल्या. कितीतरी पोरक्यांच्या बापाच्या शेतात चुलते आणि शेजारी शिरले. १९९६ साली बुटारेच्या विद्यापीठात, त्यातून वाचलेल्या १२ विद्यार्थ्यांनी ‘एईआरजी’ ही संघटना काढली. तिची रीत अशी, की पोरक्या मुलांनी एकत्र येऊन कुटुंब मांडायचं आणि आपल्यातूनच एकाला बाप, एकीला आई निवडायचं. विशीतला बाप, विशीतली आई! आजारपण, अडीअडचण, लग्नकार्य, सगळ्याला हेच घर उभं राहतं. पुढे न्यागातारे जिल्ह्यात या मुलांचं शेत झालं, गाई आल्या. नातं त्यांनी स्वतः जोडलं, आणि ते नातं पुढे शेतालाही पुरलं. आमच्या सचिवांना रक्ताचंच नातं हवं, तेही तलाठ्याच्या सहीचं.

आपल्या १९६०च्या सहकार कायद्यात नवी संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात. एका पंगतीत जेवून वाढलेली ही पोरं कायद्यापुरती तरी वेगवेगळ्या कुटुंबांतली धरली जातील. मग दुसऱ्याच्या सोसायटीच्या दारात उभं कशाला राहायचं? स्वतःची काढावी.

हेच सांगायला शनिवारी शेतावर गेलो. गवारीचा तोडा चालू होता. थोरल्याने बोटांवर हिशेब मांडला: आम्ही पाच, जूनमध्ये बालगृहातले चार जण अठरा पूर्ण करतात, झाले नऊ.

‘काका, दहावे तुम्ही येता?’

मी हो म्हटलं.