साथीतली जागा

गायकाने श्वास घ्यावा आणि ती फट भरण्यास पेटी व व्हायोलिन एकदमच धावावीत, हा प्रकार आमच्या बऱ्हाणपुरातील गणेशोत्सवी बैठकींना नवा नाही. त्यात गाणेच बुडते. अमेरिकन जॅझमध्ये हाच पेच पियानो आणि गिटार यांचा. दोन्ही एकाच वेळी अनेक स्वर देणारी वाद्ये. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ साली आलेला फ्रेडी ग्रीन १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. तो विजेविना गिटारीवर चारही मात्रा हलकेच धरी. ती ऐकू येण्यापेक्षा जाणवे अधिक. म्हणूनच पियानोवर बेसीला दोनचार स्वर टाकून थांबता येई. आमचे पेटीवाले (त्यांनी रागावू नये) थांबणे म्हणजे हार समजतात. यंदा बैठकीपूर्वीच ठरवावे: आलापात व्हायोलिन, तानेत पेटी; दुसऱ्याने तेवढा वेळ हात मांडीवर ठेवावेत.