गणपतीत मूल कुणाकडे? कोर्टात जाण्याआधीही ठरवता येते

समजा, आई मुरूडला माहेरी, वडील नोकरीसाठी मुंबईत. मोठ्यांचे भांडण ‘ताबा’ या शब्दावर अडते. मुलाचे प्रश्न वेगळेच : गणपतीत मी कुठे? पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद झाल्या की बाबा कसे येणार?

हे ठरवायला आधी केस दाखल करावीच लागते, असे नाही. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो. तडजोडीवर लोकअदालतीचा निवाडा झाला, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम २१नुसार त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो. नुसत्या नोटरी केलेल्या कागदाला ते बळ नसते, आणि गडबड नेमकी इथेच होते. महिला व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते; हेल्पलाइन १५१००.

अर्थात, दोघांचे जमले म्हणून काहीही लिहून चालत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा (१९५६) मुलाचे हित सर्वात वर ठेवतो; पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. घरात मारहाण असेल, तर आधी संरक्षण मागा, तडजोड नंतर.

बाकी सगळे तपशिलात लिहा : शाळेचा खर्च, व्हिडिओ कॉलची वेळ, आणायला-सोडायला कोण. जून ते सप्टेंबरच्या भेटी ठरवताना मात्र बोटीचे नको, एसटीचे वेळापत्रक समोर घ्या.