माग चालू, शाळा बंद

चार दशकांच्या युद्धाने ज्या अफगाणिस्तानात कारागिरांची घराणी उधळली, तेथे हस्तव्यवसायांचे शिक्षण ही चैन खासच नाही. काबूलच्या मुराद खानी वस्तीत, २००६ साली स्थापन झालेल्या ‘टर्क्वाइज माउंटन’ने लाकडी जाळीकाम, सुलेखन, दागिने व कुंभारकाम यांचे रीतसर वर्ग चालविले. इस्तालिफचे कुंभार इश्कार या वनस्पतीच्या राखेतून निळी झिलई साधतात. ती विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडेच जाते. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

प्रश्न पुढचा आहे. गालिच्याचेच पाहा. घरातील स्त्रिया व मुले महिनोन्‌महिने मागावर गाठी मारतात. लोकर आणि नक्षी बहुधा व्यापाऱ्याची, त्यांची केवळ मजुरी. वर्षानुवर्षे हा माल धुण्याछाटण्यासाठी पाकिस्तानात जाई आणि पुष्कळदा पाकिस्तानी म्हणून परदेशी विकला जाई. अर्थशास्त्राचे प्राध्यापक याला ‘मूल्यवृद्धी’ म्हणतात. मीही वर्गात तसेच शिकविले. वरकड मूल्य कोणाच्या पदरी पडले, हे आमच्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर परतले. मुलींना सहावीपुढील शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुईणी व परिचारिकांचे वर्गदेखील. माग तेवढा चालू आहे. शाळेतून काढलेली मुलगी त्यावर बसली, म्हणजे तिचे ‘प्रशिक्षण’ झाले, असे अहवालांतून मांडले जाण्याचा धोका उघड आहे. मदत देणाऱ्यांनी शिकलेले हात जरूर मोजावेत. पण माग कोणाच्या मालकीचा आणि विक्रीची पावती कोणाच्या नावाची, हेही त्याच अहवालात लिहावे.