नवा नियम अडकला, जुना चालूच आहे. पण कॉलेजात तो कुणाला माहीत?

तालुक्याला बारावी करून पोर पुण्या-मुंबईला गेलं की घरचे विचारतात, खोली मिळाली का, मेस कशी आहे? जातीवरून कुणी टोचून बोलतं का, हे विचारायचं राहून जातं. पोरंही सांगत नाहीत.

जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातली डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पुढचं शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला ती गेली. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला. त्याआधी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. दोघांच्या आया २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या. भेदभावाविरुद्ध यूजीसीचा नियम २०१२ पासून आहे, पण तो पाळतंय कोण, असा त्यांचा सवाल होता.

हे प्रकरण कोर्टात असतानाच यूजीसीने १३ जानेवारी २०२६ ला नवी नियमावली काढली. कॉलेजात समान संधी केंद्र, समता समिती, चोवीस तास हेल्पलाइन. ओबीसींनाही जातीय भेदभावापासून संरक्षण. मग खुल्या प्रवर्गातून विरोध झाला. आमच्यावर अन्याय झाला तर दाद कुठे मागायची? खोट्या तक्रारीचं काय? २९ जानेवारीला कोर्टाने स्थगिती दिली. भाषा मोघम आहे, गैरवापर होऊ शकतो, असं कोर्टाला वाटलं.

खोट्या तक्रारीची शंका उडवून लावण्यासारखी नाही. पण हॉस्टेलातलं खरं दुखणं वेगळंच आहे. ज्याच्या हातात इंटर्नल मार्क आणि प्रॅक्टिकल, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण देणार? शेत गहाण टाकून शिकायला आलेलं पोर गप्प बसतं, नाहीतर शिक्षण सोडून गावी येतं. गावात मग एवढंच कळतं की, 'त्याला झेपलं नाही.'

स्थगिती म्हणजे सगळंच रद्द झालं असं नाही. २०१२ चे नियम लागू राहतील, असं कोर्टाने सांगितलंय. त्या नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभाव प्रतिबंधक अधिकारी असायला हवा. ॲडमिशनच्या वेळी फीची पावती घेताना त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर मागून घ्यावा. नाव सांगता आलं नाही, तर तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ हा टोल फ्री नंबर आहे.