कमरेखालचा कोश

'कमरेखालचा' हे विशेषण मराठीत विनोदाला लागते, शिवीला लागते, क्वचित टीकेलाही लागते. दुखण्याला लागलेले आम्ही तरी कुठे वाचले नाही. दुखणे खरोखरच कमरेखाली असते तेव्हा बाई 'कंबर धरली आहे' असे सांगते, ऐकणारा कमरेला मलम सुचवतो आणि दोघांचीही सुटका होते.

दुखण्याच्या बाबतीत मराठी दरिद्री आहे असे कोणी म्हणू नये. कळ, चमक, ठणका, ठसठस, रग, शूळ, मुरडा, उसण, वांब, पेटका, गोळा: यांतल्या प्रत्येकाचा पोत निराळा आहे. पोटरीत आलेला गोळा आणि पाठीत भरलेली उसण यांत कोणतीही आजी गल्लत करणार नाही. परंतु हा सारा शब्दसंभार ओटीपोटाच्या खाली उतरताच मुका होतो. तिथे 'अंग' हा एकच शब्द सर्व कामे करतो. अंगावरून जाते, अंग बाहेर येते. एका अवयवाचे नाव घ्यायचे नाही म्हणून सबंध देहालाच त्याच्या जागी उभे करायचे. साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणून गौरवता येईल. दवाखान्यात तिचा उपयोग नाही. आमचे म्हणणे असे की, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडणे ही व्याधी आपल्याकडे दुर्लक्षित राहते याचे एक मोठे कारण हा शब्दांचा दुष्काळ आहे. दुखण्याला शब्द आहेत, दुखणाऱ्या जागेला नाहीत.

ती जागा कोणती, हे आधी साध्या शब्दांत सांगू. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड आणि दोन बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती हाडे. यांच्या मधोमध स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार ती पेलते. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग तिच्यातूनच बाहेर येतात. त्यामुळे तिला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात: एरवी घट्ट राहायचे आणि वेळ येताच सैल व्हायचे. श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो तशी हीही किंचित खाली झुकते. श्वास सोडताना परत वर येते. दिवसातून हजारो वेळा हे चालते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

या झोळीला सैल होणे जमेनासे झाले म्हणजे काय काय घडते पाहा. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, किंवा होऊनही झाल्यासारखी वाटत नाही. शौचाला कुंथावे लागते. फार वेळ बसले की माकडहाडाशी कळ येते. मांडीत, खुब्यात, ओटीपोटात दुखते, कारण आखडलेल्या स्नायूचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्याच पत्त्यावर पोहोचते. शरीरसंबंध वेदनेचा होतो, कधी अशक्यच. सोनोग्राफी केली तर अहवाल 'नॉर्मल' येतो, कारण नेहमीच्या सोनोग्राफीत गर्भाशय दिसते, बीजकोश दिसतात, स्नायूचा ताण दिसत नाही. मग एकीकडे लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या, दुसरीकडे बद्धकोष्ठतेचे चूर्ण, तिसरीकडे 'मनावर घेऊ नका'. एकाच झोळीची तीन टोके तीन वैद्यांच्या हाती.

नावांच्या बाबतीत अपराध एकट्या मराठीचा नाही. या भागाला संवेदना पुरवणाऱ्या मुख्य मज्जातंतूला वैद्यकात 'प्युडेंडल' म्हणतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ लाजणे. म्हणजे ज्याची लाज बाळगावी तो भाग. शरीररचनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतून स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचे 'प्युडेंडम' हे नाव २०१९ साली वगळले गेले. मज्जातंतूला मात्र ते अजून चिकटलेले आहे. आपण गुप्तांग म्हणतो, गुह्येंद्रिय म्हणतो. तिकडे लाज, इकडे लपवणूक. (गंमत अशी की संस्कृत कवींना श्रोणीचे वर्णन करताना कधी संकोच वाटला नाही. पण ते बाहेरून पाहणारे. आत काय ठणकते हे नायिकेला विचारण्याची वेळ काव्यात येत नाही.)

आणि जिथे नाव ठेवले गेले, ते कोणी ठेवले? योनिमार्गाभोवतीचे स्नायू अनिच्छेने आखडण्याला 'व्हजायनिस्मस' हे नाव १८६१ साली जे. मॅरिअन सिम्स या अमेरिकन शल्यवैद्याने दिले. अॅलाबामात १८४० च्या दशकात गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करणारा हाच तो सिम्स. त्यांतल्या अॅनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे त्याच्याच लिखाणामुळे शिल्लक आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कालगतचा त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवण्यात आला. आखडलेल्या स्नायूवर त्याचा उपाय होता कापण्याचा, आणि मग काचेचा विस्फारक बसवण्याचा. पत्नीला ईथरने बेशुद्ध करून पतीला संबंध करू दिल्याची हकिकतही त्याच्या १८६६ च्या ग्रंथात आहे. नाव देणाऱ्याच्या नजरेत व्याधी कोणाची होती, हे यावरून समजते. बाईला दुखते हा मुद्दा दुय्यम. नवऱ्याची वाट अडते हा मुख्य. पुढे दीडशे वर्षे व्याख्येचा काटा तिथेच रोखलेला राहिला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या २०१३ च्या आवृत्तीत हे जुने नाव जाऊन वेदना, वेदनेचे भय आणि स्नायूंचा ताण एकत्र मांडले गेले.

स्नायूचे हे आखडणे म्हणजे नकार नव्हे, आणि नाटक तर नव्हेच. डोळ्याजवळ बोट आले की पापणी मिटते, तिला कोणी हट्टी म्हणत नाही. एकदा दुखले की स्नायू पुढच्या वेळी आधीच सावध होतो. सावध झाला की अधिक दुखते. अधिक दुखले की अधिक सावध. सुरुवात कशानेही होऊ शकते: अवघड बाळंतपण, लघवीचा संसर्ग, गुदद्वाराची चीर, एंडोमेट्रिओसिस, पडल्याने माकडहाडाला बसलेला मार, मनावरचा आघात. वर्षानुवर्षे लघवी दाबून धरण्याची सवयही यात भर घालते. ती सवय आपल्या शहरांनी बायकांना कशी लावली, हे २०११ पासून मुंबईत 'राईट टू पी' या मोहिमेतल्या कार्यकर्त्या सांगत आल्या आहेत. मूळ कारण बरे झाले तरी स्नायू पहारा सोडत नाही.

इथे आमची एक तक्रार आरोग्यविषयक पुरवण्यांकडेही आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल याने १९४८ साली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी तो उत्तम. आपल्याकडे त्याला मूलबंध आणि अश्विनी मुद्रेची जोड मिळाली आणि आता तो सर्व स्त्रियांना, सर्व तक्रारींवर, चहाबरोबर बिस्किटासारखा वाटला जातो. परंतु ज्या स्नायूला मुळात सुटताच येत नाही त्याला आणखी आवळायला सांगणे म्हणजे वांब आलेल्या पोटरीला पळायला लावणे. त्याला हवा असतो पोटापर्यंत उतरणारा संथ श्वास, शेक, सैल सोडण्याचा सराव, आणि या विषयात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा हात. तपासणीही साधीच असते: स्त्रीची संमती घेऊन, हातमोजा घातलेल्या एका बोटाने स्नायू कुठे ताठ आहे आणि कुठे दाबल्यावर 'हीच ती कळ' असे ती म्हणते, हे पाहायचे. यंत्र लागत नाही. सवड लागते. रक्तस्राव, ताप किंवा अचानक उठलेली तीव्र कळ यांची कारणे मात्र आधी वेगळी शोधायला हवीत.

त्या सवडीचा आपल्याकडचा हिशोब असा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक आजार आढळले आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पुढे तीस वर्षांनी, २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. कित्येकींची मूळ तक्रार ओटीपोटात दुखण्याची, अंगावरून जाण्याची. त्या सगळ्या दुखण्यांचे मूळ स्नायूत होते असा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्या व्यवस्थेत मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या ओटीपोटात दुखले की थेट पिशवीच काढली जाते, तिथे स्नायूला हात लावून पाहण्याइतका वेळ कोणी दिला असेल?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. उपचार कोणासाठी? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार प्रतिवादीच्या 'नपुंसकत्वामुळे' शरीरसंबंध घडला नसेल तर विवाह रद्द ठरवता येतो, आणि प्रतिवादी पत्नीही असू शकते. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेत पत्नीवरील बलात्काराचा अपवाद कायमच आहे. अशा घरातून बाईला उपचाराला आणले जाते तेव्हा तिला बसता यावे, लघवी सुखाने व्हावी, झोप लागावी, हे त्या यादीत कितवे असते? कधीकधी तिला संबंध नकोच असेल. तो नकार तोंडाने उच्चारता येण्याची सोय हवी. स्नायू सैल केला म्हणजे तो मिटला, असे मानणाऱ्या वैद्याला आम्ही सिम्सचाच वंशज म्हणू.

मराठीत हे बोलणे नवे आहे असेही नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरे देत होते. अशाच उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड झाला, मासिक चालू राहिले. मराठी शब्द दंड भरून छापले गेले आहेत, हे आजच्या संपादकांनी ध्यानात घ्यावे.

शब्दापुरते बोलायचे तर 'श्रोणितल' पाठ्यपुस्तकात शोभेल, माजघरात नाही. 'ओटीचा तळ' आम्हांला अधिक पसंत आहे. ओटी प्रत्येकीला ठाऊक असते; खण, नारळ आणि तांदळांनी ती आयुष्यभर भरली जाते. 'ओटीच्या तळाला वांब येतो' हे वाक्य आजीला समजेल, नातीला समजेल, आणि डॉक्टरला समजले नाही तर त्याने विचारावे.