नोकरी लागल्याचा दंड

काम करील त्याचे भले होईल, हा अमेरिकन भांडवलशाहीचा कुळाचार आहे. पण त्याच देशात सरकारी मदतीवर जगणाऱ्या एखाद्या आईला नोकरी लागली आणि तिची मिळकत ठरावीक रेषेपलीकडे गेली की तिची रोख मदत बंद होते. पहिला पगार हातात पडण्यापूर्वीच बसभाडे, पाळणाघर आणि कामावरचे कपडे यांचा खर्च तिच्या दारात उभा असतो. सरकारी घरात राहत असेल, तर वाढलेल्या मिळकतीतील साधारण ३० टक्के वाटा भाड्यात जातो. सामाजिक सुरक्षेच्या करापोटी ७.६५ टक्के कापले जातात, अन्नसाहाय्यही घटते. श्रमाचा सन्मान करण्याची ही त्यांची रीत!

ही विसंगती शासक वर्गाला ठाऊक नाही असे मुळीच नाही. १९६७ साली अमेरिकन काँग्रेसनेच असा नियम केला होता की, मदत ठरवताना मजुरीतील पहिले ३० डॉलर व उरलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग हिशेबात धरू नये. १९८१ साली रेगन सरकारने त्यातील एक तृतीयांशाची सवलत चार महिन्यांपुरती आखडून टाकली. १९८८ च्या कायद्याने नोकरीमुळे मदत सुटलेल्या कुटुंबांना वर्षभर वैद्यकीय साहाय्य व पाळणाघराची सोय देऊन कड्यावरून होणारी ही पडझड पुन्हा मान्य केली. पण २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने १९३५ पासूनचा हक्कच मोडीत काढला. संघराज्याच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीवर आयुष्यभरासाठी ६० महिन्यांची मर्यादा आली. राज्यांना मिळणारे अनुदान वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरवर गोठले आणि महागाईने त्याची किंमत आज जवळजवळ निम्म्यावर आणली आहे. १९९६ साली दर १०० गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळे. २०२३ पर्यंत ही संख्या २१ वर आली. गरिबी हटली नाही, गरिबांची नावे तेवढी यादीतून हटली.

या पार्श्वभूमीवर काही राज्यांनी संक्रमणकालीन रोख साहाय्य सुरू केले, म्हणजे नोकरीमुळे मदत सुटलेल्या कुटुंबाला काही काळ थोडी रक्कम चालू ठेवली. व्हर्जिनियाने ती महिना ५० डॉलर, जास्तीत जास्त १२ महिने अशी ठरवली. २००९ पासून गोठलेल्या ७.२५ डॉलर या संघीय किमान वेतनाच्या दरानेही ही सात तासांची मजुरी भरत नाही. या उदारतेमागील हिशेबही पाहण्याजोगा आहे. मदत घेणाऱ्यांपैकी ठरावीक प्रमाणात लोक कामावर दाखवले नाहीत, तर राज्यांना दंड होतो. नोकरी लागलेले कुटुंब नाममात्र रकमेवर यादीत राहिले की आकडा सजतो. कॅलिफोर्नियाने २०१४ पासून काम करणाऱ्या कुटुंबांना दिलेले महिना १० डॉलर याच जातीचे होते. २०२३ च्या कायद्याने ३५ डॉलरहून कमी रक्कम मिळणारी कुटुंबे या मोजणीतून वगळण्याचे ठरवले. आईच्या चुलीचा विचार मात्र त्याही कायद्याला सुचला नाही.

उदारमतवादी मंडळी म्हणतील की, मिळकतीवरील करसवलत १९७५ पासून आहेच. आहे, पण ती वर्षातून एकदा, कराचे विवरणपत्र भरल्यावर हाती येते आणि घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते. दुसरीकडून काही जहाल मित्र म्हणतात की, असे साहाय्य म्हणजे तुटपुंजी मजुरी देणाऱ्या मालकालाच अनुदान होय. या आक्षेपात तथ्य आहे. १७९५ च्या स्पीनहॅमलँड पद्धतीने इंग्लंडमध्ये शेतमजुरांची अपुरी मजुरी धर्मादाय निधीतून भरून काढली आणि जमीनदारांची सोय झाली. परंतु त्यावर १८३४ च्या कायद्याने शोधलेला उपाय काय होता? मजुरी वाढवणे नव्हे, तर मजुराला श्रमगृहात कोंडणे! मदत तोडल्याने मजुरी वाढत नाही. भुकेला माणूस मिळेल त्या दराने राबतो आणि मार्क्सने वर्णिलेल्या राखीव फौजेचा धाक कामावरच्यांनाही वाकवतो. ज्या आईला घरातील पीठ संपण्याची भीती नाही, तीच मालकाला नकार देऊ शकते व संघटनेत येऊ शकते.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० व ग्रामीण भागात ४४,००० रुपये ठरवली. शहरातील ही मर्यादा महिन्याला पाच हजारही होत नाही! म्हणजे प्रामाणिकपणे मजुरी सांगणाऱ्याचे धान्य जाते. रेषा आखून गरिबांची छाननी करणारे धोरण कुठेही असो, ते श्रमिकाला मिळकत लपवायला शिकवते आणि मग त्यालाच लबाड ठरवते.

म्हणून संक्रमणकालीन साहाय्याची थट्टा करून भागणार नाही आणि त्याची आरती ओवाळूनही भागणार नाही. ते राज्याच्या मर्जीवर न राहता कायद्याने हक्काचे असावे. मजुरी वाढेल तसे सावकाश घटावे. नोकरी सुटल्यास नव्या अर्जाविना पूर्ववत व्हावे. आणि त्याच्या जोडीला जगण्यापुरते किमान वेतन व संघटनेचा अधिकार असावा. मजुरीच्या लढ्यापासून तोडलेली मदत मालकाच्या पथ्यावर पडते. त्या लढ्याशी जोडलेली मदत श्रमिकाच्या पाठीचा कणा ताठ करते.