‘शुद्ध उच्चारा’चे दहा गुण

वक्तृत्वस्पर्धेच्या गुणपत्रकात ‘शुद्ध उच्चार’ असा एक रकाना असतो आणि त्याला बहुधा दहा गुण ठेवलेले असतात. हा रकाना काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी वऱ्हाडातला. घरी आम्ही ‘पानी’ पितो आणि संध्याकाळी आजीचे ‘डोये’ दुखतात. तेव्हा माझे म्हणणे पक्षपाती आहे असे कुणाला वाटले तर वाटो; पण मी साक्षीला काढतो आहे ते ध्वनिशास्त्र, आणि ते काही वऱ्हाडी नाही!

हे शास्त्र ध्वनीला चार साधे प्रश्न विचारते. जीभ कोठे टेकली? हवा पुरती अडली, की घासत बाहेर पडली? स्वरतंतू थरथरले का? हवा नाकाकडे वळली का? गळ्यावर दोन बोटे ठेवून ‘स्‌’ लांबवा आणि मग ‘म्‌’ लांबवा. अघोष-घोष हा भेद बोटांनाच कळेल. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘प’ आणि ‘भ’ म्हणा. महाप्राण कशाला म्हणतात ते पट्टीच सांगेल. आपण बालवर्गात घोकलेली वर्णमाला म्हणजे याच उत्तरांचे कोष्टक आहे. क-वर्ग कंठापाशी, मग टाळू, मूर्धा, दात असे पुढे पुढे येत प-वर्ग ओठांवर. आणि प्रत्येक वर्गात अघोष आधी, घोष नंतर, शेवटी अनुनासिक. १८८६ साली पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेच्या तक्त्यातही व्यंजने स्थान आणि प्रयत्न यांवरूनच मांडलेली असतात. या दोन्ही कोष्टकांत ‘शुद्ध’ नावाचे घर मला कोठे आढळले नाही.

आता ‘पाणी’ घ्या. ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. ‘ण’ म्हणताना ते किंचित मागे वळून टाळूला लागते. बाकी घोष तोच, नाकावाटे जाणारी हवा तीच. नाक चिमटीत धरून पाहा, दोन्ही वर्ण सारखेच गुदमरतात! फरक काय तो जिभेने चाललेल्या अर्ध्या इंचाचा. ‘डोळा’मधल्या ‘ळ’ला जिभेचे टोक वर वळून टेकते आणि हवा बाजूंनी निसटते, ‘डोया’मधल्या ‘य’ला टोक खालीच राहते, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. यात आळस नाही की अडाणीपणाही नाही. वऱ्हाडभर हा बदल इतक्या नेमाने होतो की त्याचा नियम लिहून काढता येतो.

कुणी म्हणेल, मूळ संस्कृत उच्चारांपासून ढळणे म्हणजे अशुद्ध. ठीक आहे. मूळ शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृताने सरसकट ‘न’चा ‘ण’ केला, तेव्हा ‘पाणिअ’ झाले आणि पुढे आपले ‘पाणी’. म्हणून आमचे ‘पानी’ श्रेष्ठ, असा दावा मी करीत नाही. पण ही काठी आमच्यावर उगारणाऱ्याने ती आधी नीट धरावी. शिवाय ‘ऋषी’ हा शब्द आपण सगळेच, अगदी परीक्षकसुद्धा, ‘रुशी’ असा म्हणतो. ‘ऋ’ स्वर होता, त्याचा ‘रु’ झाला. ‘ष’ मूर्धन्य होता, तो तालव्य ‘श’मध्ये विरला. ‘ज्ञ’ म्हणजे ज्‌ आणि ञ, आपण म्हणतो ‘द्न्य’. दोन्ही ओठांनी म्हणायचा ‘फ’ आज शहरात खालच्या ओठावर दात टेकवून म्हटला जातो. ‘फोन’मध्ये तसा म्हणतात हे समजू शकते, पण ‘फूल’मध्येही! त्याला कुणी हसत नाही, कारण तो प्रतिष्ठितांच्या तोंडी बसला आहे. येथे हसू येते ते ध्वनीला नव्हे, बोलणाऱ्याच्या गावाला.

शिक्षाग्रंथांनी उच्चारदोष सांगितले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ती दक्षता वेदपठणासाठी होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ‘लोकसंख्येचा प्रश्न’ या विषयावर सात मिनिटे बोलणाऱ्याला ती लावण्याचे कारण काय?

अर्थाचा घोटाळा होतो, हा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार आहे. ‘मन’ आणि ‘मण’ आमच्या तोंडी एकच होतात, हे खरे. परंतु ‘दोन मन ज्वारी’ म्हटल्यावर कुणाला मानसशास्त्र आठवते? आणि हाच घोटाळा आपल्या लिपीत रोज होतो. ‘चार गाई’मधला ‘च’ तालव्य आहे, ‘गाईला चारा चार’ यातला दंततालव्य. ‘जरा थांब’मधला ‘ज’ निराळा, वार्धक्य या अर्थाच्या ‘जरा’तला निराळा. दोन ध्वनींना लिपीत अक्षर एकच, तरी आपण संदर्भाने बिनचूक वाचतो. जे डोळ्यांना जमते ते कानांना का जमू नये?

लेखनात प्रमाणभाषा असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरपत्रिकेत मीही ‘पाणी’च लिहितो. प्रमाण उच्चार ज्याला शिकायचा त्याला तो जरूर शिकवावा, मात्र जीभ कोठे ठेवायची ते दाखवून. ‘नीट बोल’ एवढे म्हणून तो येत नाही. स्पर्धेच्या रकान्यात ‘शुद्ध’ खोडून ‘स्पष्ट’ लिहावे. परीक्षकांपैकी एकाने शेवटच्या बाकावर बसावे आणि शब्द तेथवर पोहोचला का, वाक्याचा शेवट घशात बुडाला का, जोडाक्षरे गिळली का, एवढेच पाहावे. त्यात माझे गुण गेले तर मी तक्रार करणार नाही.